१२ डिसेंबरचे दोन हजार रुपये: वकिलाविना लढवलेला वसुलीचा दावा

समन्स वहिनीनं घेतलं. ३ सप्टेंबर २०२४, मंगळवार. बेलिफानं नाव विचारलं, सही घेतली, हातात कागदांचा गठ्ठा दिला आणि गेला. दादा नोकरीच्या गावी होता. गणपतीसाठी तो घरी आला, गठ्ठा उघडला आणि सोमवारी मला फोन केला. "अगं, कोर्टाचा कागद आलाय. ७ तारखेला हातात पडला. म्हणजे ७ ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे ना?"

नव्हता. घरातल्या सज्ञान माणसानं समन्स घेतलं की ते बजावलं गेलं असंच धरतात. त्यामुळे लेखी उत्तर द्यायचे तीस दिवस ३ सप्टेंबरपासून मोजायचे आणि मुदत ३ ऑक्टोबरला संपायची. दादानं चार दिवस जास्तीचे धरले होते, आणि पुढचं सगळं त्याच भरवशावर चाललं असतं. समन्स घेतलंच नसतं तरी काही वाचलं नसतं. नकार दिला तर बेलिफ कागद दाराला चिकटवतो, तसा अहवाल देतो आणि दावा एकतर्फी पुढे सरकतो.

दादा माझा मावसभाऊ. मी तालुका न्यायालयाच्या आवारात टायपिंग करते. वकील नाही, पण दावे, कैफियती (दाव्याला दिलेली लेखी उत्तरं), पुरसिस (न्यायालयाला दिलेली लेखी निवेदनं), दरखास्ती (निकालाच्या अंमलबजावणीचे अर्ज) यांचे कागद रोज माझ्या हाताखालून जातात. दादाचं प्रकरण सविस्तर लिहायचं कारण हे की, अशा दाव्यांत माणसं हरतात ती बहुतेकदा पैसे देणं असल्यामुळे नाही. उत्तरच दिलं नाही म्हणून हरतात. हे मी रोज बघते आणि मला त्याचा फार त्रास होतो.

हकीकत अशी. जून २०१७ मध्ये दादानं एका बँकेकडून तीन लाखांचं वैयक्तिक कर्ज घेतलं. मुदत छत्तीस महिने, हप्ता १०,५४८ रुपये. सतरा हप्ते वेळेवर गेले, शेवटचा ५ नोव्हेंबर २०१८ ला. मग कारखाना बंद पडला. १८ फेब्रुवारी २०१९ च्या नोटिशीनं बँकेनं संपूर्ण कर्ज एकदम परत मागितलं. मुद्दलापैकी तेव्हा सुमारे १ लाख ७६ हजार बाकी होते. पुढे बँकेनं हे खातं इतर हजारो खात्यांबरोबर एका असेट रिकन्स्ट्रक्शन कंपनीला, म्हणजे थकलेली कर्जं विकत घेऊन वसूल करणाऱ्या कंपनीला, विकलं आणि त्या कंपनीनं ८ जुलै २०२४ ला दावा लावला. मागणी ५ लाख १२ हजारांची. बँकांचे आणि अशा कंपन्यांचे वीस लाखांपासून वरचे दावे कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जातात. हा त्याखालचा, म्हणून साध्या दिवाणी न्यायालयात.

मी सगळ्यात आधी समन्सचं डोकं वाचलं, म्हणजे वरचा मथळा. दावा नेहमीचा आहे की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालचा समरी, म्हणजे झटपट चालणारा दावा, हे तिथेच कळतं. समरी असेल तर हजेरी लावायला दहाच दिवस मिळतात आणि पुढे बचाव करायलाही परवानगी मागावी लागते. दादाचा साधा दावा होता. चेक न वटल्याचं फौजदारी प्रकरणही नव्हतं. ते असतं तर मी त्याला एकट्यानं उभं राहू दिलं नसतं.

वकिलाचं विचारून झालं होतं. दोघांनी सांगितलेली फी त्याच्या तीन महिन्यांच्या शिलकीपेक्षा जास्त होती. तालुका विधी सेवा समितीत मोफत वकील मिळतो, पण पुरुषाला उत्पन्नाची अट असते आणि दादा त्या रेषेच्या थोडा वर होता. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना, अपंग व्यक्तींना ही अट नाही. दाव्यात वहिनीचं नाव सहकर्जदार म्हणून असतं तर तिला वकील मिळाला असता. तेव्हा ठरलं की दादा स्वतःच काम चालवणार. कायदा प्रत्येकाला तो हक्क देतो. मी टाइप करून देऊ शकते, पण न्यायाधीशांसमोर त्याच्या वतीनं बोलू शकत नाही, हेही त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं.

मुदतीचं गणित

पैशाच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो. दादाचा शेवटचा हप्ता २०१८ चा, दावा २०२४ चा. "साडेपाच वर्षं झाली. दावा मुदतबाह्य. संपलं," असं तो म्हणाला. मलाही पहिल्या संध्याकाळी तसंच वाटलं होतं. रात्री मी कागद घेऊन परत बसले, कारण इतक्या उघड मुदतबाह्य दाव्यावर कंपनीनं कोर्ट फी का भरली असावी, हे मला कळेना.

उत्तर कोरोनाच्या काळात होतं. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतलेल्या प्रकरणात १० जानेवारी २०२२ ला आदेश दिला की १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळायचा. ही जवळजवळ दोन वर्षं मोजायचीच नाहीत. २०१८-१९ मध्ये थकलेलं कर्ज असेल तर हा आदेश विसरून केलेला कुठलाही हिशेब चुकीचा ठरतो.

मग आम्ही नीट मोजलं. कंपनीनं स्वतःच दाव्याचं कारण १८ फेब्रुवारी २०१९ च्या नोटिशीपासून घडलं असं लिहिलं होतं. तिथपासून १५ मार्च २०२० पर्यंत एक वर्ष आणि सव्वीस दिवस गेले. तीन वर्षांतले उरले सुमारे एक वर्ष अकरा महिने. ते १ मार्च २०२२ पासून पुन्हा चालू होतात आणि फेब्रुवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात संपतात. दावा जुलैचा. साडेपाच वर्षांची आमची ऐट पाच महिन्यांवर आली, पण तरी दावा मुदतीबाहेरच होता.

तेवढ्यात दाव्याचा परिच्छेद ९ दिसला. "प्रतिवादी यांनी दि. १२/१२/२०२१ रोजी बँकेच्या शाखेत रोख रु. २,०००/- जमा केले असून सबब दावा मुदतीत आहे."

एकच ओळ. मुदतीच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत संपण्यापूर्वी कर्जापोटी काही रक्कम भरली तर तिथपासून नवीन तीन वर्षं सुरू होतात. ही नोंद खरी ठरली तर दावा मुदतीत येतो. खोटी ठरली तर पाच लाखांचा दावा दोन हजारांवर अडतो. पण त्याच कलमात एक अट आहे: भरणा केल्याचं भरणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीच्या लेखात दिसलं पाहिजे. कंपनीच्या संगणकात नुसती नोंद असून भागत नाही.

"दादा, हे पैसे तू भरलेस?"

"नाही."

"वहिनीनं? किंवा वसुलीवाल्याच्या हातात कधी दिलेस, तो घरी आला असताना?"

तो बराच वेळ गप्प बसला. मी घाई केली नाही. अधिकार दिलेल्या माणसानं भरलेली रक्कमही मोजली जाते, आणि खोटं उत्तर शपथेवर गेलं तर बाकीचं खरंही बुडतं. शेवटी म्हणाला, "त्या वर्षी आम्ही किराणा उधारीवर आणत होतो. दोन हजार रुपये दिले असते तर मला वार आणि वेळ आठवली असती."

कैफियत

आमच्याकडे वर्षानुवर्षं एक साचा चालत आलाय: "दाव्यातील संपूर्ण मजकूर खोटा, लबाडीचा व बनावट असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही." माणसाला वाटतं सगळं नाकारलं की सुटलो. प्रत्यक्षात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ मध्ये स्वच्छ लिहिलंय की नकार प्रत्येक गोष्टीला, नेमका हवा. मोघम नकार हा नकार धरला जात नाही, आणि जे नेमकेपणानं नाकारलं नाही ते कबूल धरलं जाऊ शकतं. शिवाय कर्ज घेतलंच नाही असं सत्यापनावर (मजकूर खरा असल्याच्या निवेदनावर) सही करून लिहिणं म्हणजे न्यायालयाला खोटं सांगणं. कर्जाच्या करारावर दादाची सही होती. ती नाकारली असती तर १२ डिसेंबरच्या नकारावर तरी कुणी विश्वास का ठेवावा?

आम्ही दाव्याची प्रत समोर ठेवली आणि परिच्छेदागणिक गेलो. कर्ज घेतलं, मान्य. सतरा हप्ते भरले, मान्य. फेब्रुवारी २०१९ ची नोटीस मिळाली, मान्य. येणे रकमेचा आकडा अमान्य, कारण दंडव्याज आणि "वसुली खर्च" कोणत्या कलमाखाली लावला ते दाव्यात कुठेच नव्हतं. खातं विकल्याचा करार माहितीअभावी अमान्य, वादीनं शाबीत करावा.

परिच्छेद ९ ला सगळ्यात जास्त वेळ लागला. दादानं हातानं लिहून आणलं होतं: "१२/१२/२०२१ रोजी मी २,००० रुपये भरले नाहीत." वाचायला ठीक वाटतं, पण यात दोन फटी आहेत. १३ तारखेला भरले असतील तर? १,९०० भरले असतील तर? रकमेबद्दलचा नकार "ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग" असाच करावा लागतो, हे संहितेतच सांगितलंय. म्हणून अंतिम मजकूर असा झाला: "प्रतिवादीने दि. १२/१२/२०२१ रोजी अथवा दि. ०५/११/२०१८ नंतर कोणत्याही दिवशी, रु. २,०००/- अथवा अन्य कोणतीही रक्कम, स्वतः अथवा कोणामार्फत भरलेली नाही. भरण्याच्या कोणत्याही स्लिपवर प्रतिवादीने सही केलेली नाही." त्याखाली मुदतीचा बचाव, तारखांसकट, कोरोनाचा काळ वगळून. तो वगळला नसता तर समोरच्या वकिलांनी पहिल्याच दिवशी सगळा हिशेब मोडीत काढला असता.

हे टाइप करताना मी जुनं कॅलेंडर काढून बघितलं. १२ डिसेंबर २०२१ ला रविवार होता. दाव्यात शब्द होते "बँकेच्या शाखेत रोख". मी दादाला फोन केला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

कैफियत मराठीत होती. तालुका आणि जिल्हा न्यायालयात मराठी चालते, मोडक्या इंग्रजीची गरज नाही. खाली सत्यापन, सोबत प्रतिज्ञापत्र, दस्तऐवजांच्या यादीत बँकेचं पासबुक, २०१९ ची नोटीस आणि कॅलेंडरचं ते पान. १९ सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला दादा पुकाऱ्याला उभा राहिला, स्वतः काम चालवणार असल्याचं सांगितलं आणि मुदतीचा अर्ज दिला. ३० सप्टेंबरला कैफियत दाखल झाली. तिची एक प्रत वादीच्या वकिलांना देऊन पोच घेतली. तीन दिवस हातात राखले होते. तीस दिवसांत जमलंच नाही तर कारण देऊन नव्वद दिवसांपर्यंत परवानगी मागता येते, पण तिच्या भरवशावर राहू नये असं माझं ठाम मत आहे. अर्ज करायला विसरला की रोजनाम्यात विना कैफियत, म्हणजे उत्तराशिवाय दावा पुढे चालवण्याचा, आदेश येतो, आणि तो उठवायला पुन्हा अर्ज, पुन्हा खर्च.

मधला फोन

ऑक्टोबरच्या मध्यावर वसुलीवाल्याचा फोन आला. आवाज गोड. "दादा, कोर्टात कशाला वेळ घालवता? एका कागदावर लिहून द्या की थोडे थोडे भरतो, आम्ही व्याज माफ करू. आत्ता पाचशे रुपये टाका, फाइल थांबवतो." दादा कागद लिहायलाच बसला होता. वहिनीनं मला फोन लावला म्हणून अडला.

मुदत संपलेलं कर्जसुद्धा फेडीन असं सहीनिशी लिहून दिलं तर करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे तो नवा, अंमलात आणता येणारा करार होतो. पाचशे रुपये आणि दोन ओळी यांनी सगळा बचाव त्यानं स्वतःच्या हातानं पुसला असता. मी त्याला एवढंच सांगितलं की जे काही बोलायचं ते न्यायालयात, तारखेला, लेखी.

त्याच माणसानं पुढच्या फोनला "अटक होईल" असं सांगितलं. दिवाणी दाव्यात देणं आहे म्हणून अटक होत नाही. हुकूमनाम्यानंतरही पैसे असून जाणूनबुजून दिले नाहीत हे दाखवावं लागतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच हे स्पष्ट केलंय. पगारावर जप्ती येऊ शकते, तीही पूर्ण पगारावर नाही: पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित राहतात. भविष्य निर्वाह निधीला हात लागत नाही. हे कळल्यावर त्या आठवड्यात वहिनी पहिल्यांदा नीट झोपली.

उलटतपास

खातं विकत घेतल्याचा करार वादीनं अर्धवट जोडला होता, पहिलं आणि शेवटचं पान. ज्या परिशिष्टात दादाचं खातं असायला हवं ते नव्हतंच. आम्ही तो करार आणि १२ डिसेंबरची स्लिप, दोन्ही हजर करण्याची नोटीस दिली. परिशिष्ट आलं, त्यात दादाचा खाते क्रमांक होता, आणि तो मुद्दा तिथेच संपला. दादा हिरमुसला. तो ताणण्यात अर्थ नव्हता. मालकी शाबीत झाली म्हणजे मुदत शाबीत होत नाही. स्लिप मात्र आली नाही.

जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयानं मुद्दे काढले, म्हणजे कशावर निर्णय द्यायचा ते प्रश्न ठरवले. त्यातला एक होता, "दावा मुदतीत असल्याचे वादी शाबीत करतात काय?" शाबितीची जबाबदारी वादीवर.

जुलैमध्ये कंपनीच्या अधिकाऱ्याचा उलटतपास झाला. दादानं आधी चोवीस प्रश्न लिहून आणले होते, निम्मे रागाचे. वसुलीवाल्यानं आईला काय सुनावलं, कारखाना का बंद पडला, कंपनीनं हे खातं किती स्वस्तात घेतलं असेल. मला त्याचा राग समजत होता. पण न्यायाधीशांसमोर साक्षीदार होता तो कंपनीचा अधिकारी, आणि त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. चार प्रश्न ठेवले.

ज्या बँकेनं हा खातेउतारा ठेवला त्या बँकेत तुम्ही कधी नोकरीला होता का? नाही.

१२ डिसेंबर २०२१ च्या भरण्याची स्लिप तुम्ही दाखल केली आहे का? नाही.

ती स्लिप तुम्ही स्वतः कधी पाहिली आहे का? नाही, नोंद सिस्टीममध्ये आहे.

त्या दिवशी वार कोणता होता? सांगता येणार नाही.

न्यायाधीश मॅडमनी यादीतलं कॅलेंडरचं पान काढलं, बघितलं, आणि लघुलेखकाला सांगितलं. मग दादानं शेवटचं सुचवलं आणि जबानीत नेहमीच्या भाषेत ओळ आली: "असे म्हणणे खरे नाही की, प्रतिवादीने सदर रक्कम कधीही भरली नाही." मी मागच्या बाकावर होते. दादाच्या हातातला कागद थरथरत होता, पण आवाज नाही.

रविवारचं आम्हाला फार कौतुक वाटत होतं. खरं तर नुसत्या रविवारनं काही सिद्ध होत नव्हतं. नोंद उशिरा चढली, पैसे एजंटानं गोळा केले, असा खुलासा वादीला करता आला असता. बाजू उभी राहिली ती सहीचा कागद नाही यावर. ही नोंद कुणी आणि का चढवली ते आम्हाला कधीच कळलं नाही.

तडजोड

त्यानंतर पंधरा दिवसांत वादीच्या वकिलांनी तडजोडीची तयारी दाखवली. आधी अडीच लाख, मग एक लाख वीस हजार. मी लढ म्हणाले. पुराव्याचा तोल आमच्या बाजूला होता. पण दादा म्हणाला, "दावा मुदतीबाहेर असेल. पैसे मी घेतले होते." कायदाही तेच मानतो. मुदत गेली की दाव्याचा मार्ग बंद होतो, कर्ज नाहीसं होत नाही. निर्णय विरुद्ध गेलाच तर अपील, दरखास्त, आणखी दोन-तीन वर्षं हेही होतंच. मी माझा आग्रह सोडला.

सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्रीय लोकअदालतीत ७०,००० रुपयांवर मिटलं, चार हप्त्यांत. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, आणि वादीला कोर्ट फी परत मिळते, म्हणून तेही राजी होते. तडजोड पुरसिसमध्ये आम्ही लिहून घेतलं की ही रक्कम संपूर्ण व अंतिम, वादीचं या कर्जापोटी काही येणं उरणार नाही, आणि शेवटच्या हप्त्यानंतर ना-देय दाखला मिळेल. प्रत्येक हप्ता बँकेतून, रोख एक रुपया नाही.

एक गोष्ट राहिली. पतमाहिती कंपनीकडे (लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे) खात्याची स्थिती कोणत्या शब्दांत आणि किती दिवसांत कळवायची, हे पुरसिसमध्ये घालायला हवं होतं. घातलं नाही. डिसेंबरात शेवटचा हप्ता गेला, दाखला आला, तरी अहवालात थकबाकी तशीच दिसत होती. दादानं निवाड्याची सही-शिक्क्याची नक्कल जोडून लेखी तक्रार केली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, हे वाक्य तक्रारीत मुद्दाम टाकलं. सव्विसाव्या दिवशी थकबाकी शून्य झाली. स्थितीपुढे मात्र "सेटल्ड" (कमी रकमेवर मिटवलेलं) आहे, "क्लोज्ड" (पूर्ण फेडलेलं) नाही. पुढच्या कर्जाच्या वेळी तो शब्द त्याला विचारला जाणार.